ब्रेक पॅड, ब्रेक ऑईल आणि मागचे लायनर घरी बदलताना: कुठल्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकतं

मे संपत आला की पावसाळ्याआधी मोटरसायकलचं काम उरकून घ्यायचं म्हणून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी दोन-तीन गाड्या उघडून पडलेल्या असतात, आणि दर वर्षी तेच ऐकायला मिळतं. पॅड नवे टाकले तरी ब्रेक आधीपेक्षा कमी लागतोय, ऑईल बदललं आणि लिव्हर मऊ पडला, लायनर टाकले आणि आता मागचं चाक जड फिरतंय. बहुतेक वेळा पार्टात काही खोट नसते हो, क्रम चुकलेला असतो नाहीतर एखादी साफसफाई राहिलेली असते. पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी जी आपल्याकडची नेहमीची गाडी, १०० ते १६० सीसीची, ती समोर धरून लिहितोय. मागेही डिस्क असेल तर पॅडचं सगळं तसंच.

आधी एवढं डोक्यात बसवा

लिव्हर दाबला की हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधला छोटा पिस्टन ऑईल ढकलतो. ऑईल दबून लहान होत नाही, त्यामुळे तो दाब पाईपमधून जसाच्या तसा कॅलिपरमधल्या (डिस्कवर बसलेली, पॅड धरणारी पकड) मोठ्या पिस्टनवर येतो, आणि पिस्टनचं तोंड मोठं असल्यामुळे जोर कितीतरी पट वाढतो. आपल्या गाड्यांना पिस्टन डिस्कच्या एकाच बाजूला असतात. ते आपल्या बाजूचा पॅड दाबतात आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून पलीकडचा पॅड ओढून घेतो. म्हणजे त्या दोन पिना सुकल्या किंवा गंजल्या की अर्धा ब्रेक गेलाच.

आता पिस्टन मागे कोण आणतं? स्प्रिंग नसते तिथे. पिस्टनभोवती चौकोनी कापाचं रबरी सील असतं, ते दाबाबरोबर किंचित पिळलं जातं आणि लिव्हर सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि तिथूनच काम करायला लागतो, म्हणून डिस्क ब्रेक अॅडजस्ट करावा लागत नाही. आणि पिस्टन पुढे आला की त्याच्यामागची जागा भरायला वरचं ऑईल खाली जातं. हँडलवरच्या ब्रेक ऑईलच्या छोट्या टाकीतली लेव्हल कमी दिसली की नुसतं ऑईल ओतायचं नाही, आधी पॅड बघायचे, आणि पॅड जाड असतील तर मग गळती शोधायची.

तिसरी गोष्ट हवा. हवा दबते, ऑईल दबत नाही, त्यामुळे पाईपमध्ये एक बुडबुडा राहिला तरी लिव्हर मऊ लागणार. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि पाणी आलं की त्याचा उकळायचा आकडा खाली येतो. डॉट ४ (ही ब्रेक ऑईलची एक प्रत) ऑईल नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की १५५ पर्यंत येऊ शकतं. सिंहगडाचा घाट उतरताना माझ्या एका मित्राने हे अनुभवलंय, डबलसीट, गाडी न्यूट्रलला, पूर्ण उतारभर पुढचा ब्रेक धरलेला आणि ऑईल गाडी घेतल्यापासून तेच. शेवटच्या वळणांवर लिव्हर आत आत जायला लागला. मागच्या ब्रेकवर आणि गिअर पाडून कशीबशी थांबवली, अर्धा तास बाजूला उभे राहिलो आणि लिव्हर आपोआप परत कडक झाला, कारण उकळून झालेली वाफ थंड होऊन परत पाणी झाली होती. त्याला वाटलं ब्रेक बरा झाला. बरा झाला नव्हता, पुढच्या उताराला तेच झालं असतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी ऑईल बदलायला लावलं.

टप्पा १: सामान पूर्ण जमवा, मगच पाना उचला

पॅड आणायला जाताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच नावाच्या गाडीला वर्षागणिक वेगळा कॅलिपर असतो आणि पुण्याच्या नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात, रविवारी सगळी दुकानं उघडी असतीलच असं नाही, म्हणजे अर्धी उघडलेली गाडी दिवसभर तशीच. मॅन्युअलमधून पार्ट नंबर काढा किंवा कॅलिपरचा आणि चॅसी नंबरचा फोटो घेऊन जा, आणि पॅकिंग सीलबंद आहे ना ते बघा. नकली पॅड दिसायला अगदी तसाच असतो, फक्त पावसात कळतं.

ऑईल कुठलं ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, उलटं करू नका. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, आपल्या गाडीत ते घालायचं नाही आणि मिसळायचं तर अजिबात नाही. डॉट ५.१ हे नावाला सारखं वाटलं तरी वेगळं आहे, ते डॉट ४ च्याच जातीचं. छोटी सीलबंद बाटली घ्या, पुढच्या एका ब्रेकला शंभर मिली पुष्कळ होतं. गेल्या वर्षीची उघडलेली बाटली कपाटात असेल तर ती विसरा, तिने बसल्या बसल्या पाणी पिऊन ठेवलंय.

हत्यारांत रिंग पाने, एलन की, जमलं तर टॉर्क रेंच, झाकणाच्या स्क्रूला नीट बसेल असा स्क्रू ड्रायव्हर, कॅलिपरच्या निपलवर (ऑईल आणि हवा बाहेर काढायचं छोटं तोंड) घट्ट बसेल अशी दीड-दोन फूट पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, मोठी सिरिंज, जुना टूथब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, सिलिकॉन ग्रीस, आणि भरपूर स्वच्छ फडकी. शिवाय एक बादली पाणी. ब्रेक ऑईल रंगावर सांडलं तर रंग फुगून निघतो, पण ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे लगेच भरपूर पाणी ओतलं तर रंग वाचतो. सांडल्यावर बादली शोधायला जाल तोवर पेट्रोल टाकीवर डाग पडलेला असेल.

सावधान: डिस्कजवळ चेन स्प्रे, गंज काढायचा स्प्रे, डिझेल यातलं काहीही आणू नका. वॉशिंग सेंटरमध्ये गाडी चकचकीत दिसावी म्हणून धुतल्यावर डिझेलचा नाहीतर पॉलिशचा फवारा मारतात, माझ्या गाडीच्या डिस्कवर एकदा असाच उडाला आणि पहिल्याच सिग्नलला गाडी झेब्रा क्रॉसिंग ओलांडून थांबली. पॅड ऑईलने भिजला की घासून, तापवून पूर्ववत होत नाही, फेकायचाच.

टप्पा २: आधी बघा, मोजा

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर. रॅम्पवर नाही, उतारावर नाही. टॉर्च घेऊन कॅलिपरच्या फटीतून पॅडचं मटेरियल बघा. पॅडला मध्ये खाच असते, ती पुसट झाली की बदलायची वेळ, आणि खाच दिसत नसेल तर लोखंडी पट्टीवर दीड-दोन मिलीमीटर मटेरियल उरलं की मी बदलतो, अगदी शेवटापर्यंत थांबत नाही. लोखंड डिस्कला लागलं की पॅडच्या पैशात होणारं काम डिस्कच्या पैशात जातं.

दोन्ही पॅड बघा. एक जाड आणि एक संपलेला असेल तर पिना नाहीतर पिस्टन अडकतोय, नुसते पॅड बदलून उपयोग नाही, महिनाभरात परत तेच होणार.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. कडेला झिजलेली नसते म्हणून तिथे मोजू नका, पॅड फिरतो त्या पट्ट्यात मोजा. बोट फिरवून मोठे चर लागतायत का, कडेला उंच काठ आलाय का तेही बघा. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज दिसतो तो पहिल्या दोन-चार ब्रेकात निघून जातो, त्याला घाबरायचं कारण नाही.

टप्पा ३: कॅलिपर काढणं

इथे पहिला क्रम चुकतो. पॅड ज्या पिनेवर लटकतात ती पिन कॅलिपर गाडीवर घट्ट असतानाच थोडी ढिली करून ठेवायची. आधी कॅलिपर काढलात की तो हातात धरून एलन की फिरवावी लागते, की घसरते आणि पिनेचं षटकोनी भोक गोल होतं, मग ड्रिल. पिनेवर काही गाड्यांना छोटं झाकण असतं, ते आधी काढा. एलन की घालण्याआधी भोकातली माती सुईने काढा, की पूर्ण आत बसली पाहिजे.

मग कॅलिपरचे दोन बोल्ट. ते निघाले की कॅलिपर थोडा हलवत डिस्कवरून मागे ओढा. एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाडी असेल तर सेन्सरची वायर कुठून कशी गेलीय त्याचा आधी फोटो काढा, ती ताणू नका आणि दातेरी रिंगला धक्का लावू नका.

सावधान: कॅलिपर ब्रेकच्या पाईपवर लोंबकळत सोडायचा नाही, तारेने फोर्कला बांधा. आणि कॅलिपर बाहेर असताना लिव्हरला कोणी हात लावायचा नाही. मुलं आसपास असतील तर लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये लाकडाचा तुकडा अडकवून ठेवा, म्हणजे कोणी चुकून दाबला तरी दबणार नाही. पिस्टन पूर्ण बाहेर पडला की सील, ऑईल, हवा सगळंच काम वाढतं.

पॅड काढताना पत्र्याची स्प्रिंग कशी बसलीय, तिचं तोंड कुठे आहे, पॅडमागे पातळ पत्रा आहे का, याचाही फोटो. उलटी बसवलेली स्प्रिंग हा खडखड आवाजाचा नेहमीचा उगम.

टप्पा ४: पिस्टन साफ केल्याशिवाय आत ढकलायचा नाही

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, गॅरेजमध्येसुद्धा घाईत हे सोडून देतात, म्हणून सविस्तर सांगतो. पॅड झिजलेला असतो म्हणजे पिस्टन बरेच दिवस बाहेर आलेला असतो, आणि त्या बाहेर आलेल्या भागावर पॅडची काळी भुकटी, रस्त्याची माती, पावसाचं पाणी यांचा थर बसून तो दगडासारखा झालेला असतो. नवे पॅड जाड, म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो. तसाच ढकललात तर तो थर सीलच्या ओठातून आत जातो, सील घासलं जातं, एकतर ऑईल झिरपायला लागतं किंवा पिस्टन अडकतो, पुढचं चाक हाताने फिरवलं तर जड लागतं आणि डिस्क तापते. मग लोक म्हणतात नवे पॅड खराब निघाले.

कसं करायचं? साबणाचं कोमट पाणी किंवा ब्रेक क्लीनर आणि टूथब्रश. समोरून ब्रश पोचतो, मागून पोचत नाही, तिथे सुती फडक्याची बारीक पट्टी फाडून ती पिस्टनभोवती गुंडाळायची आणि दोन्ही टोकं धरून आळीपाळीने ओढायची, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात ना तशी. पट्टी काळी निघते. दुसरी पट्टी घ्या, ती राखाडी निघेल, तिसरी जवळपास पांढरी. तेव्हा पिस्टनची चमक दिसायला लागते आणि त्यावर गंजाचे खड्डे आहेत का तेही दिसतं. खड्डे असतील तर पिस्टन आणि सीलचा संच बदलायचा, पॉलिश पेपर मारायचा नाही. पेट्रोल आणि साधं ग्रीस सीलजवळ नको, रबर फुगतं.

आता ढकलायचं. आधी वर ऑईलच्या टाकीपाशी जा, तिच्याभोवती नि पेट्रोल टाकीवर ओलं फडकं पसरा, झाकण पुसून घ्या नाहीतर माती ऑईलमध्ये पडते, आणि स्क्रू काढा. हे स्क्रू मऊ असतात आणि बसून गेलेले असतात, स्क्रू ड्रायव्हर नीट दाबून त्याच्या मागे हलकी ठोक द्या, मग फिरवा. पिस्टन आत जाताना ऑईल वर येतं, म्हणून सिरिंजने थोडं काढून घ्या. मग जुना पॅड पिस्टनवर ठेवून अंगठ्याने सरळ, सावकाश दाबा. अंगठ्याने गेला तर उत्तम, थोडा जोर लागला तर सी-क्लॅम्प, पण स्क्रू ड्रायव्हर घालून तिरका रेटायचा नाही. दोन पिस्टन असतील तर एक दाबला की दुसरा बाहेर येतो, दोन्ही मिळून दाबा. ऑईलही आजच बदलणार असाल तर निपलला नळी लावून ते जरा ढिलं करून पिस्टन ढकला, म्हणजे तळाचं घाण ऑईल वर न जाता बाहेरच पडतं, एबीएसच्या गाडीला हे जास्त बरं.

तपासा: पिस्टन हाताने आत जातोय का? क्लॅम्प लावूनही जात नसेल तर जोर वाढवू नका, कॅलिपर उघडून सीलचं काम करावं लागणार आहे आणि ते पहिल्यांदाच करणाऱ्याने पार्किंगमध्ये करू नये, मेकॅनिककडे न्या.

टप्पा ५: पिना, पॅड आणि बोल्ट

कॅलिपरचा ब्रॅकेट हाताने ओढून बाजूला काढा, दोन पिना दिसतील. जुनं वाळलेलं ग्रीस पुसा, रबरी बूट फाटलेत का बघा, पिनेवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. थापायचं नाही, जास्त भरलं तर पिन आत जाताना हवा कोंडते आणि परत बाहेर येते. बसवल्यावर कॅलिपर दोन बोटांनी सरकला पाहिजे.

नव्या पॅडच्या तोंडाला बोटं लावू नका, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. पॅड बसवा, स्प्रिंगवर दाबून पिन आरपार घाला, आणि मग कॅलिपर डिस्कवर सरकवा. पॅड दोन्ही बाजूंनी डिस्कला तोंड करून आहेत ना ते बघा, हसू नका, उलटा पॅड बसवून लोखंड डिस्कला घासलेली गाडी मी पाहिलीय. बोल्ट हाताने तीन-चार आटे फिरवून मगच पाना, कॅलिपर अॅल्युमिनियमचा असतो आणि आडवा बोल्ट बसला की आटे जातात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. पॅडची पिन शेवटी, कॅलिपर घट्ट झाल्यावर.

टप्पा ६: लिव्हर पंप करा, गाडी हलवण्याआधी

याला वेगळा टप्पा दिलाय कारण हा राहिला तर बाकी सगळं बरोबर असूनही माणूस मरू शकतो. पिस्टन आत ढकललेले आहेत, पॅड डिस्कपासून लांब आहेत, आणि पहिले काही दाब नुसते पिस्टन पुढे आणण्यातच जातात.

माझ्याकडून हे झालंय. पॅड बसवले, हत्यारं आवरली, हात धुतले आणि चक्कर मारून बघू म्हणून पार्किंगच्या रॅम्पवरून खाली निघालो. लिव्हर दाबला, तो सरळ ग्रिपला टेकला. काहीच नाही, जसा तुटलेला. मागचा ब्रेक होता म्हणून गेटच्या अलीकडे थांबलो आणि गेटपाशी शेजारची मुलगी सायकल धरून उभी होती. त्या दिवसापासून कॅलिपरचा शेवटचा बोल्ट आवळला की पाना खाली ठेवायच्या आधी डावा हात लिव्हरवर जातो.

सावकाश दाबा, सोडा, दहा-पंधरा वेळा, टाकीची लेव्हल बघत. लिव्हर कडक झाला की चाक उचलून फिरवा, हलकी खसखस चालते, अडकता कामा नये. लेव्हल वरच्या रेषेच्या वर नको. काठोकाठ भरलेलं ऑईल तापल्यावर फुगतं, त्याला जायला जागा मिळाली नाही की ब्रेक आपोआप लागलेला राहतो.

टप्पा ७: ऑईल बदलणं आणि हवा काढणं

साधारण दोन वर्षांनी, किंवा ऑईल चहासारखं दिसायला लागलं की. पॅड आणि ऑईल दोन्ही करायचं असेल तर पॅड आधी, ऑईल नंतर.

हँडल असं वळवा की टाकी सपाट राहील. जुनं ऑईल सिरिंजने काढून, टाकी स्वच्छ फडक्याने पुसून नवं भरा. म्हणजे जुनं घाणेरडं ऑईल पूर्ण पाईपमधून ढकलत बसावं लागत नाही. निपलवर आधी रिंग पाना चढवा, मग नळी, आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत थोडं नवं ऑईल टाकून त्यात बुडवा. फिक्स पाना वापरू नका, निपलची टोकं गोल होतात. निपल गंजून बसलं असेल तर टोकाला गंज काढायच्या तेलाचा एक थेंब, डिस्क झाकून, आणि रात्रभर धीर.

दोन माणसं असली की काम सोपं. आमच्याकडे माझी मुलगी लिव्हरवर असते. ती तीन-चार वेळा सावकाश दाबते आणि दाबून ठेवते, म्हणते "धरलं बाबा". मी निपल पाव फेरी उघडतो, ऑईल नळीतून जातं, लिव्हर खाली जातो, तो ग्रिपला टेकायच्या आत मी निपल बंद करतो आणि मग सांगतो, "सोड". बंद करायच्या आधी सोडलं तर नळीतली हवा परत आत. हा क्रम एकदाही चुकायचा नाही: दाब, धर, उघड, बंद, सोड. दर चार-पाच वेळांनी टाकी बघा आणि भरा.

सावधान: टाकी रिकामी होऊ देऊ नका. एकदा तळ दिसला की वरून हवा गेली आणि सगळं पहिल्यापासून. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याचदा ती घरी निघत नाही, सर्व्हिस सेंटरला मशीन जोडून काढावी लागते.

नळीत नवं, फिकट ऑईल यायला लागलं आणि बुडबुडे थांबले की झालं. तरी लिव्हर मऊ असेल तर पाईप आणि कॅलिपरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकं टकटक करा, चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि परत काढा. रात्रभर लिव्हर दोरीने बांधून ठेवला की बारीक बुडबुडे वर टाकीत येतात, हे खरं आहे, पण सकाळी लिव्हर कडक आणि संध्याकाळी परत मऊ होत असेल तर कुठेतरी हवा ओढली जातेय किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय, बांधून ठेवणं हा त्यावरचा इलाज नाही. पाईपच्या टोकाचा पोकळ बँजो बोल्ट खोलला असेल तर त्याचे दोन्ही वॉशर नवेच टाका.

निपल बारीक असतं, जीव खाऊन आवळू नका, मोडलं तर कॅलिपर जातो. रबरी टोपी घाला. सगळीकडे पाणी मारून पुसा. जुनं ऑईल गटारात नको, बाटलीत भरून गॅरेजमध्ये जिथे जुनं इंजिन ऑईल जमा करतात तिथे विचारून वेगळं द्या.

तपासा: लिव्हर पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरा. हळूहळू आत जातोय? मग निपल, बँजो, कॅलिपर कोरड्या टिशूने पुसून बघा. कुठेच ओल नाही आणि तरी जातोय तर मास्टर सिलिंडर. अशी गाडी चालवायची नाही.

टप्पा ८: मागचे लायनर

ड्रममध्ये ऑईल नाही, पेडल दाबून दांडी ओढली की कॅम (आतला चपटा तुकडा) फिरतो आणि दोन लायनर ड्रमला आतून दाबतो. काम कमी नाजूक आहे म्हणून लोक निष्काळजी होतात.

दांडीचा नट काढा, तिथली स्प्रिंग आणि छोटी गोल पिन सांभाळा. ब्रेक प्लेट अडकवणारी पट्टी आणि तिची स्प्लिट पिन सोडा, चेन अॅडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणांचा फोटो घ्या, एक्सलचा नट सोडून चाक काढा. हबमधले रबर खाली पडतात, गोळा करा.

प्लेट उचलली की आत काळी भुकटी असते. ती फुंकायची नाही, हवेच्या प्रेशरने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, तो बघून घ्या.

जुने लायनर दोन्ही बाजूंनी पुस्तकासारखे दुमडले की स्प्रिंगसकट निघतात, नवे तसेच दुमडून बसवून सपाट दाबायचे. त्याआधी कॅम काढून साफ करा, त्याच्या दांड्यावर आणि दुसऱ्या टोकाच्या पिनेवर अगदी नखभर ग्रीस. जास्त ग्रीस तापून लायनरवर येतं.

आता खूप वेळा दिसणारी चूक. लायनर संपत आले की दांडीचा नट आवळायला जागा उरत नाही, मग कोणीतरी दांडी जोडलेली असते तो बाहेरचा आर्म काढून एक दात मागे बसवून देतं आणि ब्रेक परत लागायला लागतो. हे करू नका आणि करू देऊ नका. आर्म आणि दांडी यांच्यातला कोन ब्रेक लागताना काटकोनापेक्षा कमी असला पाहिजे, त्यापुढे गेला की पायाचा जोर तोच आणि ब्रेक कमी. शिवाय आतला कॅम वाजवीपेक्षा जास्त फिरून आडवा अडकू शकतो, तेव्हा चाक जाम. आर्मपाशी बाण असतो आणि प्लेटवर खूण, ब्रेक दाबल्यावर बाण त्या खुणेला टेकला म्हणजे लायनर संपले. आर्म काढण्याआधी त्यावर आणि कॅमवर खूण करून ठेवा आणि त्याच खुणेवर बसवा.

चाक बसवल्यावर एक्सलचा नट आवळताना मागचा ब्रेक पायाने दाबून ठेवा, म्हणजे लायनर ड्रमच्या मधोमध बसतात. पट्टीचा बोल्ट आणि नवी स्प्लिट पिन विसरायची नाही, ती पट्टी सुटली तर अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते. पेडलला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवा, चाक सुटं फिरतंय का बघा, आणि ब्रेक लाईटचा स्विच परत लावून घ्या, पेडलची चाल बदलली की लाईट उशिरा लागतो किंवा लागलेलाच राहतो.

टप्पा ९: पहिली चक्कर

नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाहीत, त्यांचं तोंड डिस्कवर बसायला वेळ लागतो. सकाळी लवकर रिकामा, सपाट रस्ता गाठा. आधी चालत्या माणसाच्या वेगाला दोन्ही ब्रेक वेगवेगळे तपासा. मग ताशी ४०-५० वरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबाने, पंधरा-वीस वेळा, मध्ये थोडं अंतर चालवून थंड होऊ देत. चाक लॉक करायचं नाही आणि गरम डिस्कवर लिव्हर दाबून उभं राहायचं नाही. पहिले शे-दोनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून लांब राहा, आणि त्या आठवड्यात सिंहगड, ताम्हिणी काही ठरवू नका.

घरी आल्यावर डिस्कजवळ हात न्या, लावू नका. ब्रेक न मारता दोन किलोमीटर चालवूनही डिस्क चटका देण्याइतकी तापली असेल तर पिस्टन किंवा पिना अडकतायत, टप्पा चार आणि पाच परत करा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायच्या आधी कॅलिपरखाली, निपलपाशी आणि मास्टर सिलिंडरच्या लिव्हरजवळ बोट फिरवून ओल बघा, कॅलिपरचे दोन्ही बोल्ट पान्याने तपासा, आणि ऑईल बदलल्याची तारीख सीटखाली चिकटपट्टीवर लिहून ठेवा.